दात असलेले दोस्त

मॉरिस सेंडाक यांना घोडे काढता येत नसत. एरवी चित्रकाराच्या असल्या उणिवेची कुणी नोंदही घेतली नसती. पण १९५५मध्ये त्यांनी एका चित्रपुस्तकाचा कच्चा नमुना तयार केला होता आणि त्याचा विषयच होता रानटी घोड्यांचा देश. संपादक उर्सुला नॉर्डस्ट्रॉम यांना कल्पना आवडली होती. वर्षं उलटली, घोडे जमेनात. अखेर बाईंनी विचारलं, मग तुम्हाला काढता तरी काय येतं? त्यानंतर कागदावर जे उतरलं त्याला नाव नव्हतं. शिंगं, खवले, पंजे, पिवळे डोळे आणि तोंडभर दात. चेहरे मात्र ओळखीचे होते. सेंडाक यांच्या लहानपणी ब्रुकलिनच्या घरी दर रविवारी जेवायला येणारे, पोलंडहून स्थलांतरित झालेले ज्यू नातेवाईक ते. किडके दात, नाकातून डोकावणारे केस, दिसेल त्या पोराचा गालगुच्चा घेणं आणि ‘इतका गोड, खाऊनच टाकावासा वाटतो’ असलं लाडाचं बोलणं. आईच्या स्वयंपाकाला उशीर झाला की ही मंडळी खरंच आपल्याला खातील, अशी धास्ती त्या पोराला वाटायची.

‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ हे पुस्तक १९६३मध्ये आलं आणि पुढच्या वर्षी त्याला अमेरिकेतलं कॅल्डेकॉट पदक मिळालं. मजकूर जेमतेम साडेतीनशे शब्दांचा. लांडग्याचं सोंग घातलेला मॅक्स दंगा करतो, आई त्याला उपाशी झोपायला पाठवते, खोलीत रान उगवतं, मॅक्स होडीतून जंगली प्राण्यांच्या बेटावर जातो, त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून त्यांना गप्प करतो, राजा होतो आणि कंटाळून घरी परततो. चित्रं आधी पानाच्या मधोमध छोटीशी असतात. जसजसा मॅक्स लांब जातो तसतशी ती वाढतात, समास गिळतात आणि धिंगाण्याच्या तीन जोडपानांवर शब्दांना जागाच उरत नाही. परतताना पुन्हा आकसतात. शेवटच्या पानावर चित्र नाहीच. जेवण गरम आहे, एवढंच तिथे कळतं.

या पुस्तकात हॅलोविनचा उल्लेख नाही. भोपळा नाही, चेटकीण नाही, दारोदार फिरून गोळ्या मागणारी मुलं नाहीत. तरीही ऑक्टोबर उजाडला की अमेरिकेतल्या ग्रंथालयांत बालविभागातलं एक टेबल नारिंगी-काळ्या रंगांनी सजतं आणि त्यावर हे पुस्तक हटकून असतं. त्याच्या आजूबाजूला गोजिरवाण्या राक्षसांची, लाजऱ्या भुतांची, विसराळू चेटकिणींची पुस्तकं मांडलेली असतात. दोन ते सहा वर्षांच्या मुलांसाठीचा हा प्रकार आता इतका फोफावला आहे की त्यातलं दाणेदार काय आणि फोलपट काय, हे पाखडून पाहायला हवं.

त्याआधी सणाविषयी थोडं. ३१ ऑक्टोबरच्या रात्रीची मुळं आयर्लंड-स्कॉटलंडमधल्या केल्टिक लोकांच्या साविन या सणात शोधली जातात. सुगी संपून अंधाराचे महिने सुरू होण्याचा तो सांधा. त्या रात्री मेलेल्यांचं जग आणि जिवंतांचं जग यांच्यातली भिंत पातळ होते, अशी समजूत. तिथे सलगम कोरून दिवे करत. एकोणिसाव्या शतकात आयरिश स्थलांतरित अमेरिकेत आले आणि तिथला भोपळा त्यांना कोरायला कितीतरी सोपा वाटला. सोंगं घेऊन घरोघर खाऊ मागण्याची रीत अमेरिकेत १९३०च्या दशकात पसरू लागली, दुसऱ्या महायुद्धातल्या साखरेच्या टंचाईत थबकली आणि मग घट्ट रुजली. भुताखेतांची रात्र अशी हळूहळू बालवाडीच्या वयाच्या मुलांची झाली. पण तीन वर्षांच्या मुलाला शेजारच्या अंगणातला सापळा प्लॅस्टिकचा आहे हे सांगून पटत नाही. त्याचं काय करायचं, हा प्रश्न दरवर्षी घरोघर येतो. चित्रपुस्तकं या प्रश्नावरच जगतात.

मुलांच्या जगात राक्षस होते ते पूर्वी मोठ्यांच्या चाकरीला. स्पॅनिश चित्रकार गोयाने १७९९मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘काप्रिचोस’ या चित्रमालिकेतलं तिसरं चित्र पाहावं: पांढऱ्या कापडात गुंडाळलेली एक आकृती उभी आहे, दोन मुलं आईला बिलगून किंचाळताहेत. आकृती आहे ‘कोको’ची, म्हणजे स्पॅनिश बागुलबुवाची. मुलांना नसलेल्या गोष्टीचं भय घालून वाढवण्याच्या रीतीवर गोयाने त्यात बोट ठेवलं होतं. त्याने फारसा फरक पडला नाही. १८४५मध्ये फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइनरिश हॉफमान यांनी आपल्या लहान मुलासाठी केलेलं ‘श्ट्रुव्हेलपेटर’ बाजारात आलं. त्यात अंगठा चोखणाऱ्या मुलाचे अंगठे एक शिंपी भल्यामोठ्या कात्रीने छाटतो आणि हे चित्रासकट दाखवलेलं आहे. पुस्तक तुफान खपलं.

मराठी घरातला बागुलबुवा याच खात्यातला. जेव, नाहीतर तो येईल. झोप, नाहीतर तो नेईल. त्याला बोलावणारं माणूस नेहमी मोठं असतं आणि त्याला परत पाठवण्याचा अधिकारही त्याच माणसाकडे असतो. विसाव्या शतकातल्या चित्रपुस्तकांनी नेमकी हीच दोरी मोठ्यांच्या हातून काढून मुलाच्या हातात दिली. पुस्तकात राक्षस दिसायला कसा आहे, निळा की जांभळा, यापेक्षा त्याची दोरी कुणाकडे आहे हे पाहिलं की बऱ्यावाईटाची पारख पुष्कळ सोपी होते.

सुरुवात भित्र्या भुतांपासून झाली. १९४४मध्ये रॉबर्ट ब्राइट यांचं ‘जॉर्जी’ आलं. जॉर्जी हे लहानसं भूत एका घराच्या माळ्यावर राहतं आणि रोज ठरावीक वेळी जिन्याची पायरी आणि दिवाणखान्याचं दार करकरवतं. घरच्यांना त्यावरून झोपायची वेळ कळते. एके दिवशी घरमालक पायरीला खिळा मारतो, बिजागरीला तेल घालतो आणि भूत बेकार होतं. भुताची दया यावी असं हे पुस्तक. युद्धाच्या धामधुमीत आलेलं आणि त्या मानाने किती शांत! त्याच सुमाराचा, पण त्याच्याहून प्रसिद्ध म्हणजे कॅस्पर. सीमोर राइट आणि जो ओरिओलो यांनी तो मुळात मुलांच्या पुस्तकासाठी कल्पिला होता, पण १९४५मध्ये तो पडद्यावर कार्टून म्हणून अवतरला. कॅस्परला मित्र हवे असतात आणि लोक त्याला पाहून पळतात. हा साचा पुढे इतका वापरला गेला की झिजून गुळगुळीत झाला. आजही हॅलोविनच्या दहा पुस्तकांतल्या चारांत तरी एकटं पडलेलं कुणीतरी असतं आणि शेवटी त्याच्यासाठी मेजवानी असते.

सेंडाक यांनी हा साचा मोडला. त्यांचे प्राणी दयनीय नाहीत. ते मॅक्सला खाऊ शकतात, तसं बोलूनही दाखवतात. मॅक्स त्यांना जिंकतो तो त्यांच्याहून जास्त रानटी असल्यामुळे. मोठ्यांना हे झेपलं नाही. ‘लेडीज होम जर्नल’च्या मार्च १९६९च्या अंकात मानसतज्ज्ञ ब्रुनो बेटेलहाइम यांनी पुस्तकावर टीका केली, आईनेच मुलाला उपाशी झोपायला पाठवावं यात मुलाच्या मनात केवढी भीती जागी होते हे लेखकाला कळलेलं नाही, असा त्यांचा सूर होता. गंमत म्हणजे बेटेलहाइम यांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं. आयांनी सांगितलेल्या वर्णनावरून ते बोलत होते. आणि याच बेटेलहाइम यांनी १९७६मध्ये परीकथांतल्या चेटकिणी आणि राक्षस मुलांच्या मनाला कसे उपकारक असतात, यावर अख्खा ग्रंथ लिहिला. पोरांनी मात्र या वादाची वाट पाहिली नव्हती.

सेंडाकनंतर पाचच वर्षांनी मर्सर मेयर यांचं ‘देअर्स अ नाइटमेअर इन माय क्लॉझेट’ आलं. कपाटात दुःस्वप्न दबा धरून बसलेलं असतं. एका रात्री मुलगा खेळण्यातली बंदूक घेऊन त्याची वाट पाहत बसतो, ते बाहेर येताच गोळी झाडतो आणि ते केसाळ, ठिपकेदार धूड भोकाड पसरतं. आता घरचे जागे होतील! मुलगा घाईघाईने त्याला गादीवर घेतो, पांघरूण घालतो, झोपवतो. भिणाऱ्यानेच मोठ्या माणसाची जागा घ्यावी, ही उलथापालथ मेयर यांनी काहीही न समजावता केली आहे. शेवटी कपाटातून दुसरं एक धूड डोकावतं, पण गादीवर तिघांना जागा नाही.

मग १९७१. ‘सेसमी स्ट्रीट’ हा दूरचित्रवाणी कार्यक्रम दोन वर्षांपूर्वी सुरू झाला होता आणि त्यातल्या निळ्या, झुबकेदार बाहुल्यांनी ‘मॉन्स्टर’ या शब्दाची नांगीच काढली होती. त्यातल्या कुकी मॉन्स्टरचा पूर्वज १९६६मध्ये खाऊच्या एका जाहिरातीसाठी बनवलेला होता आणि त्याला चांगले सुळे होते. बिस्किटं खाता खाता ते गेले. या कार्यक्रमातल्या ग्रोव्हरला घेऊन जॉन स्टोन यांनी लिहिलेलं आणि मायकेल स्मॉलिन यांनी चितारलेलं ‘द मॉन्स्टर अ‍ॅट द एंड ऑफ धिस बुक’ हे दिसायला अगदी स्वस्तातलं, किराणा दुकानाच्या मांडणीवर मिळणारं पुस्तक होतं. शेवटच्या पानावर राक्षस आहे असं शीर्षकातच म्हटलेलं, म्हणून ग्रोव्हर वाचकाला पानं उलटू नका म्हणून विनवतो. पानं दोरीने बांधतो, फळ्या ठोकतो, विटांची भिंत रचतो. मूल पान उलटतं आणि भिंत कोसळते. शेवटी राक्षस निघतो तो ग्रोव्हर स्वतःच. पुस्तक हे एक यंत्र आहे आणि त्याची कळ वाचणाऱ्याच्या बोटात आहे, हे इतक्या कमी खर्चात दुसऱ्या कुणी क्वचितच दाखवलं असेल. तीन वर्षांचं पोर हे पुस्तक ऐकताना हसत नाही, खिंकाळतं.

एड एम्बर्ली यांनी १९९२मध्ये हीच कळ आणखी सोपी केली. ‘गो अवे, बिग ग्रीन मॉन्स्टर!’ची पानं काळी आणि त्यांत कोरून काढलेली भोकं. पहिल्यांदा फक्त दोन पिवळे डोळे दिसतात. पान उलटलं की नाक, मग दात, मग कान, केस, हिरवा चेहरा. अर्ध्यावर राक्षस पुरा होतो. तिथून मूल एकेका अवयवाला निघून जायला सांगतं आणि भोकं उलट क्रमाने बुजत जातात. शेवटी निव्वळ काळं पान, आणि मी सांगेन तेव्हाच परत यायचं, अशी ताकीद. एम्बर्ली यांना १९६८मध्ये दुसऱ्या एका पुस्तकासाठी कॅल्डेकॉट पदक मिळालं होतं, पण लहान मुलांच्या घरात त्यांचं नाव टिकलं ते या हिरव्या तोंडामुळे. या पुस्तकात गोष्ट नाही, मैत्री नाही. राक्षस गोडही नाही. तो आज्ञाधारक आहे, आणि रात्री दिवा मालवल्यावर तेवढं पुरतं.

हे सगळं चित्रकारांनी अंदाजाने साधलं. पुढे मानसशास्त्रज्ञांनी त्याची तपासणी केली. १९९१मध्ये पॉल हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चार आणि सहा वर्षांच्या मुलांना रिकामी खोकी दाखवली आणि आत ससा किंवा दुष्ट राक्षस आहे अशी नुसती कल्पना करायला सांगितलं. खोकं रिकामं आहे, हे नाटक आहे, हे मुलं ठामपणे सांगत. पण राक्षसाची कल्पना केलेल्या चार वर्षांच्या काही मुलांनी प्रयोग घेणाऱ्या बाईंना खोलीबाहेर जाऊच दिलं नाही. म्हणजे ‘राक्षस खरा नसतो’ हे मुलाला ठाऊक असतं आणि तरी उपयोगाचं नसतं.

दुसरं संशोधन याहून नेमकं आहे. लिएट सायफान आणि क्रिस्टिन लगाटुटा यांनी ते २००९मध्ये ‘चाइल्ड डेव्हलपमेंट’ या नियतकालिकात मांडलं. खऱ्या किंवा काल्पनिक प्राण्याला भ्यायलेल्या मुलाला बरं वाटावं म्हणून काय करावं, असं चार, पाच आणि सात वर्षांच्या मुलांना विचारलं होतं. मोठी मुलं म्हणत, त्याला आठवण करून द्या की असं काही नसतं. धाकटी मुलं वास्तवाचा आधार घेण्यापेक्षा कल्पनेतच राहणं पसंत करत: तो चांगला राक्षस आहे असं समजायचं. आईबाप पलंगाखाली टॉर्च मारून ‘बघ, कुणी नाही’ म्हणतात तो सात वर्षांच्या मुलाचा उपाय झाला. चार वर्षांच्या मुलाला पलंगाखालच्याशी बोलणी करायची असतात. प्रेमळ राक्षसांची पुस्तकं हॅलोविनची सजावट उतरल्यावरही का वाचली जातात, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

इंग्लंडमध्ये १९९९मध्ये आलेलं जुलिया डोनाल्डसन आणि अ‍ॅक्सेल शेफ्लर यांचं ‘द ग्रफेलो’ याच बोलण्यांवर उभं आहे. वाघाचा धाक उसना घेणाऱ्या कोल्ह्याची एक जुनी चिनी गोष्ट डोनाल्डसन यांच्या हाती लागली होती. पण इंग्रजीत ‘टायगर’ला यमकं जुळेनात, म्हणून त्यांनी यमकाला सोयीचा प्राणीच घडवला. रानातून चाललेला उंदीर कोल्ह्याला, घुबडाला आणि सापाला घाबरवण्यासाठी थापा मारतो, सुळ्यांपासून नाकावरच्या चामखिळीपर्यंत एक अक्राळविक्राळ प्राणी बोलता बोलता रचतो. आणि पुढच्या वळणावर तोच प्राणी समोर उभा. विहिरीतलं प्रतिबिंब दाखवून सिंहाला फसवणारा पंचतंत्रातला ससा ज्यांना माहीत आहे त्यांना हा उंदीर परका वाटायचा नाही. ग्रफेलो शेवटपर्यंत मित्र होत नाही. तो पळतो. शेफ्लर यांची सुरुवातीची रेखाटनं संपादकांना लहान मुलांसाठी फार भीतिदायक वाटली होती, म्हणून त्याला थोडा गुबगुबीत केला गेला. पण दात राहिले, नखं राहिली, चामखीळ राहिली.

इथे या आढाव्यातला एक कडू घास. दातांशिवायचा राक्षस हा राक्षस नव्हे, टेडी बेअर होय. गेल्या वीसेक वर्षांत जाड पुठ्ठ्याच्या, झडपा उघडण्याच्या, बोटाने कुरवाळायच्या पुस्तकांत असे टेडी बेअर ढिगाने आले आहेत. जांभळी लोकर, एक डोळा, दोन ठेंगणे दात तेही हसण्यापुरते, आणि पहिल्याच पानावर तो सांगतो की मी वाईट नाही. मग पुढची वीस पानं उलटायची कशाला? ज्याने कधी घाबरवलंच नाही त्याच्याशी मैत्री करण्यात मुलाचा पराक्रम तो काय! नावं घेण्यात अर्थ नाही. पुढच्या ऑक्टोबरला ती बदललेली असतील.

त्यातल्या त्यात वेगळी जात म्हणजे भावना शिकवणारे राक्षस. बार्सिलोनाच्या आना येनास यांचं ‘एल मॉन्स्त्रुओ दे कोलोरेस’ २०१२मध्ये आलं. गोंधळलेल्या, सगळे रंग एकमेकांत कालवलेल्या राक्षसाला एक मुलगी मदत करते. पिवळा आनंद, निळं दुःख, लाल राग, काळी भीती, हिरवी शांतता असे रंग वेगवेगळ्या बरण्यांत भरले जातात. कोलाजची चित्रं देखणी आहेत आणि बालवाडीच्या शिक्षिकांना हे पुस्तक हाताशी धरून बोलता येतं. पण राक्षस इथे वर्गातलं साधन झाला आहे. त्याच्याकडून शिकता येतं, त्याच्यासोबत धिंगाणा घालता येत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला युरोपीय चित्रकारांची दोन पुस्तकं आहेत, जी हॅलोविनच्या टेबलावर क्वचित दिसतात आणि दिसायला हवीत. स्ट्रासबूर्गला जन्मलेल्या टोमी उंगेरर यांचं ‘झेराल्डाज ओगर’ १९६७चं. लहान मुलं खाणाऱ्या राक्षसाला झेराल्डा ही मुलगी इतकं सुंदर रांधून घालते की त्याची ती चटक सुटते. पुढे लग्न, मुलंबाळं, सगळं गोडीगुलाबीचं. मात्र शेवटच्या चित्रात बाळाकडे पाहणाऱ्या एका मुलाने पाठीमागे काटा आणि सुरी लपवलेली आहे! आणि दुसरं डेव्हिड मकी यांचं १९८०चं ‘नॉट नाऊ, बर्नार्ड’. बागेत राक्षस आहे, तो मला खाणार आहे, असं बर्नार्ड सांगत राहतो. आई रंग देतेय, बाप खिळा ठोकतोय, कुणाला वेळ नाही. राक्षस बर्नार्डला खातो, घरात येतो, बापाच्या पायाला चावतो, तरी त्यालाही तेच उत्तर. आई त्याला दूध देऊन झोपवते. मी राक्षस आहे, असं तो म्हणून पाहतो. मुलं या पुस्तकावर हसतात. वाचून दाखवणाऱ्याचा चेहरा मात्र बघण्यासारखा होतो.

खास हॅलोविनसाठी लिहिलेल्या पुस्तकांची परंपरा वेगळी आणि जुनी आहे. टाशा ट्यूडर यांचं पहिलंच पुस्तक, १९३८चं ‘पंपकिन मूनशाइन’, यात एक मुलगी टेकडीवरून भोपळा घरंगळत आणताना तो तिच्या हातून सुटतो आणि खालच्या कोंबड्या-बदकांची त्रेधा उडते. भीतीपेक्षा शेताचा वासच त्याला जास्त आहे. या शाखेतलं सर्वांत नेटकं पुस्तक बहुधा लिंडा विल्यम्स आणि मेगन लॉइड यांचं १९८६चं ‘द लिटल ओल्ड लेडी हू वॉज नॉट अफ्रेड ऑफ एनिथिंग’. रात्री रानातून घरी निघालेल्या म्हातारीच्या मागे आधी दोन बूट लागतात, मग विजार, सदरा, हातमोजे, टोपी आणि शेवटी भोपळ्याचं डोकं. प्रत्येकाचा आपला एक आवाज, आणि ऐकणारी मुलं तो आवाज हातापायांनी करतात. म्हातारी त्यांना तोंडावर सांगते की मी भीत नाही, पण घरी पोचेपर्यंत तिच्या चालण्याचं पळणं झालेलं असतं. मग ती त्या खट्टू झालेल्या भुताला काम सुचवते: शेतात उभा राहा. सकाळी तिथे बुजगावणं असतं, कावळे उडवणारं. भीतीला हाकलायची नाही, तिला नोकरी लावून द्यायची!

काझुनो कोहारा या जपानी चित्रकर्तीने २००८च्या ‘गोस्ट्स इन द हाउस!’मध्ये हेच घरगुती केलं. नारिंगी, काळा आणि पांढरा एवढ्याच रंगांतली ठसेचित्रं. एका मुलीच्या नव्या घरात भुतं निघतात. मुलगी चेटकीण असते; ती त्यांना पकडते, यंत्रात धुते, दोरीवर वाळत घालते आणि पडदे, टेबलक्लॉथ, पांघरुणं म्हणून वापरते. पांढऱ्या चादरीचं भूत पुन्हा चादर होतं. डोनाल्डसन-शेफ्लर जोडीच्या २००१च्या ‘रूम ऑन द ब्रूम’मध्ये चेटकिणीला ड्रॅगनच्या तावडीतून सोडवायला तिचे कुत्रा, मांजर, पक्षी आणि बेडूक चिखलात बरबटून एकमेकांवर चढतात आणि स्वतःच एक भयंकर राक्षस होतात. सोंग घेणं म्हणजे काय, हे याहून सोपं करून कसं सांगणार? आणि २०२०मध्ये मेक्सिकन चित्रकर्ती फ्लाविया द्रागो यांचं ‘गुस्ताव्हो, द शाय गोस्ट’ आलं. त्यात पाळला जातो तो हॅलोविन नव्हे, मेक्सिकोतला मृतांचा दिवस. सांगाडे तिथे भय घालायला येत नाहीत. ते घरचेच आहेत. कॅस्परचाच एकटेपणा, पण भोवतीची संस्कृती बदलल्यावर त्यात पुन्हा रंग भरला.

ही पुस्तकं मराठीत सांगू लागलं की पहिल्याच शब्दाला ठेच लागते. ‘मॉन्स्टर’ म्हणजे कोण? राक्षस म्हटला की तो पुराणातला, गदा आणि मिशीवाला, वंशावळ असलेला मोठा माणूस. भूत म्हणजे मेलेलं माणूस. मुंजा, हडळ, समंध, खवीस या प्रत्येकाचा मृत्यू वेगळा आणि झाड वेगळं. बागुलबुवा सर्वांत जवळचा, पण त्याला चेहराच नाही. त्याचं चित्र कुणी पाहिलेलं नाही, आणि म्हणूनच तो इतकी वर्षं कामाला येतो. एम्बर्लीच्या पुस्तकातले पिवळे डोळे वाचून दाखवणारी न्यू जर्सीतली मराठी आई बहुतेक ‘मॉन्स्टर’ हाच शब्द ठेवते, आणि त्यात काही बिघडत नाही.

मराठीत प्रेमळ भुतांची वानवा होती असं मात्र नाही. विंदा करंदीकरांनी ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’ लिहून भुतांना बालकवितेत घरोबा दिला. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण पूर्वी दिलीप प्रभावळकरांनी आणि २०१८च्या नव्या संचात वैभव मांगले यांनी गाजवली, नाट्यगृहातली पोरं तिला घाबरतात आणि तिच्यावर ओरडतातही. भोपळ्यात बसून वाघ-कोल्ह्यांना चकवत जाणारी म्हातारी तर हॅलोविनच्या टेबलावर खुशाल ठेवावी. कोकणातल्या शिमग्यात काळ्या पोशाखातला संकासुर घुंगरं वाजवत येतो तेव्हा मुलं त्याला चिडवून पळतात आणि पुन्हा चिडवायला परततात. कमी आहे ती चित्रांची. यातलं बहुतेक सगळं कानाने आणि रंगमंचावरून पोचलं. मांडीवर घेऊन पान उलटायच्या पुस्तकात बागुलबुवाला तोंड देणारा चित्रकार मराठीत अजून आपली जागा घेऊ शकतो.

२०२४मध्ये नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला आली. गोव्यात वाड्यावाड्यातल्या मुलांनी आधीचे कितीतरी दिवस खपून गवत, कागद आणि रंगांनी नरकासुर उभे केले होते; लाल डोळे, बाहेर आलेले सुळे, काहींची उंची घराच्या छपरापर्यंत. ते पहाटे जाळले गेले. अमेरिकेतल्या मराठी घरांतून त्या सकाळी उटणं लावून अभ्यंगस्नान झालं, आणि संध्याकाळी तीच मुलं ग्रफेलो किंवा लांडग्याच्या सोंगात, हातात खाऊची पिशवी घेऊन, शेजाऱ्याच्या दारात उभी राहिली.